‘जिंजरली’चे दोन अर्थ

थॉर्नक्लफ,
१२ जानेवारी १९९७

टॅमझिन,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे, तुझ्या बाबाचं नाही. तेव्हा फोडायला हरकत नसावी. त्याची पत्रं तू न फोडता परत पाठवतेस हे मला इथल्या पोस्टमननेच सांगितलं. त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

आधी मुद्द्याचं. क्लिफ जिवंत आहे. नोव्हेंबरात स्वयंपाकघरात किटली भरता भरता पडला. मेंदूत गुठळी झाली म्हणाले. उजवा हात लुळा पडलाय, उजवा पाय ओढत चालतो आणि बोलणं गेलं. तुझ्या धक्क्यावरच्या ऑफिसात मी तेव्हा निरोप ठेवला होता. मिळाला की नाही, ते विचारत नाही.

मी तेव्हापासून इथेच आहे. स्कारबरोच्या घराला कुलूप लावलं, मांजर शेजारणीकडे दिलं. खालच्या खोलीत त्याचा पलंग टाकलाय. मी वर, तुझ्या खोलीत झोपते. जिना चढायला मला जरा वेळ लागतो, पण चढते.

त्याच्या तोंडात आता तीनच शब्द उरलेत: ‘हो’, ‘नाही’ आणि ‘च्यायला’. हसू नकोस. खरं तर हस. ज्या माणसाने जन्मभर घरात शिवी चालवून घेतली नाही, त्याच्याकडे देवाने नेमकी तीच ठेवली. डॉक्टर म्हणतात असं होतं, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात. परवा चर्चचे पाद्रीबाबा येऊन बसले. “कसं वाटतंय क्लिफर्ड?” तर हा त्यांचा हात हातात घेऊन, अगदी मनापासून, “च्यायला,” म्हणाला. पाद्रीबाबांनी मान डोलावली आणि केक घेतला.

दुसरं काही सुचत नाही मला, म्हणून शब्दकोडं मोठ्याने वाचते त्याच्यासमोर. पूर्वी मी अर्धं वाचायच्या आत उत्तर सांगून माझा जीव खायचा. आता नुसता बघत राहतो. ते बघवत नाही.

तू ये, असं मी म्हणत नाही. तू मोठी आहेस, बोटीवर माणसं सांभाळतेस, तुझं तुला कळतं. फक्त तुला ठाऊक असावं एवढंच.

तुझी
बेरिल आत्या


थॉर्नक्लफ,
२ फेब्रुवारी

टॅमझिन,

उत्तर नाही. चालेल. मी लिहीत राहणार, कारण या घरात बोलायला दुसरं कुणी नाही. एक आहे तो च्यायला म्हणतो.

त्याला बोलायला शिकवायला ब्रॅडफर्डहून फरझाना नावाची मुलगी येते. हिच्या बोलण्यात यॉर्कशायर आपल्यापेक्षा जास्त. चित्रांचे पत्ते मांडते: कप, चावी, कुत्रा. क्लिफ कपाकडे बघतो, त्याला ओळख पटलेली असते, ओठ हलतात, कपाळावर घाम येतो आणि शब्द काही बाहेर पडत नाही. मग पत्ते ढकलून देतो.

“शब्द गेले नाहीत मिस्टर एक्रॉइड,” ती म्हणते. “सामान घरातच आहे, दार तेवढं अडकलंय.”

“च्यायला.”

“हो ना,” ती म्हणते आणि पुन्हा पत्ते मांडते.

आता मंगळवारचं सांगते. सकाळी मागच्या अंगणातल्या फरशा काचेसारख्या गोठल्या होत्या. ही बाई म्हणते, चालता चालता कधी कधी शब्द सुटतात, बाहेर जाऊ या. मी दारातून ओरडले, “अगं, कंबर मोडेल त्याची!”

“कोळशाच्या खोलीपर्यंतच, मिस एक्रॉइड. मी धरलंय त्यांना.”

क्लिफ पायरीवर थांबला. बर्फाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि इतक्या स्वच्छ आवाजात बोलला की मला वाटलं रेडिओ लागला.

“जिंजरली.”

फरझाना उडालीच. “वा! अगदी बरोबर! जिंजरली. जपून, बिचकत, एकेक पाऊल.”

“नाही,” क्लिफ म्हणाला. तिच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला, हनुवटी वर केली आणि निघाला की तरातरा! एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि धप्प. बसला बुडावर. मी देवाचा धावा करत बाहेर आले, तर हा खाली बसून हसतोय. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

फरझाना पांढरीफटक. “त्यांनी शब्द बरोबर म्हटला,” ती म्हणाली, “आणि केलं बरोबर उलट!”

“उलट नाही,” मी म्हटलं. “या घरात त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे.”

तुला ती गोष्ट आठवत असेल की नाही कोण जाणे, तू जेमतेम चार वर्षांची होतीस. मला तुझ्या आईने, मॉरवेनाने सांगितली होती. हाच बर्फ, ह्याच पायऱ्या. तुझी आई म्हणाली, “टॅम, जिंजरली हं, जिंजरली!” आणि तू सुसाट पळत सुटलीस. कारण तांबड्या केसांच्या पोरांना सगळे ‘जिंजर’ म्हणून चिडवतात, तुझे केस तांबडे, आईचे तांबडे. तेव्हा जिंजरली म्हणजे तांबड्या केसांच्या माणसासारखं, बेधडक! हा तुझा हिशोब. मॉरवेनाने चूक सुधारली नाही. हात धरून तुझ्याबरोबर पळाली. मग पोहायला थंड पाण्यात उडी मारताना, परीक्षेला जाताना, तुम्ही दोघी एकमेकींना ‘जिंजरली’ म्हणायला लागलात.

तिच्या अंत्यविधीला तू चर्चमध्ये वाचलंस, “माझी आई आयुष्यभर जिंजरली जगली.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि नंतर चहाच्या वेळी, सगळ्या गावासमोर, क्लिफने, जन्मभरच्या मास्तराने, तुला वर्गात उभं करून सांगावं तसं सांगितलं. मी हॅमच्या सँडविचची ताटली घेऊन मागेच होते. “जिंजरली म्हणजे नुसतं सावकाशसुद्धा नव्हे. मांजर ओल्या फरशीवर पाय टाकतं तसं. झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढून घेतो तसं. आल्याशी किंवा केसांशी त्याचा काडीचा संबंध नाही. बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या ‘नाजूक’ अर्थाच्या शब्दावरून आला, आणि पूर्वी नाजूक पावलांनी नाचण्याला म्हणायचे. तुझी आई तशी मुळीच जगली नाही.”

सगळं खरं होतं. म्हणूनच तू कोट उचलून गेलीस.

त्या रात्री मी त्याला पायऱ्यांची गोष्ट सांगितली. तो कपबशा विसळत बसला, धुतलेल्यासुद्धा.

आणि मंगळवारी, उरलेल्या शब्दांतून त्याने तुमचा अर्थ उचलला. याचा मी काही अर्थ लावत नाही. तू लाव.

बेरिल आत्या


लर्विक,
११ फेब्रुवारी

आत्या,

निरोप मिळाला होता. नोव्हेंबरातच.

जिंजरलीचं लिहिलंस ते माझं मन वळवायला रचलेलं असेल तर मी तुझं तोंड पाहणार नाही. तू रचत नाहीस हे मला माहीत आहे, तरी विचारते. तो खरंच हसला?

लागलं का त्याला?

टॅमझिन


थॉर्नक्लफ,
२३ फेब्रुवारी

टॅमझिन,

खरंच हसला. लागलं नाही. बुडावर हे एवढं निळं झालं, आणि डॉक्टरला दाखवायला तो लाजतो.

तुझं कार्ड मी त्याला वाचून दाखवलं. वाचू नको असं तू लिहिलं नव्हतंस. त्याने ते डाव्या हातात घेतलं, चित्राची बाजू बघितली, मजकुराची बघितली आणि म्हणाला, “वारा?”

हा शब्द नवा होता. मी म्हटलं, कसला वारा? खिडकी लावू का? तर चिडला. “वारा! वारा!” आणि रेडिओकडे बोट. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा रोज संध्याकाळी दर्यावरचं हवामान ऐकतो. मला वाटायचं जुनी सवय असेल, मासेमारीचा आणि आपला काय संबंध. पण समुद्राच्या भागांची नावं एकेक करून वाचत असतात तेव्हा तो पेपर चाळतो, आणि ‘फेअर आयल’ आलं की पेपर खाली ठेवतो. तो तुझाच समुद्र ना? ते संपलं की पुन्हा पेपर. मी इतके दिवस शेजारी बसून विणत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. त्याला किती वर्षांची सवय आहे, ते आता कोण सांगणार.

तेव्हा पुढच्या पत्रात वाऱ्याचं लिही. दोन ओळी पुरेत.

बोलणं सुधारतंय, पण सरळ रेषेत नाही. ‘कप’ आला, ‘चावी’ आली. कुत्र्याला ‘पाद्री’ म्हणतो. फरझाना म्हणते, शेजारच्या खणातला शब्द हाताला लागतो. मी म्हटलं, आमचे पाद्रीबाबा फार लांबच्या खणात नाहीत. परवा मात्र वाईट दिवस होता. तुझं नाव घ्यायचा प्रयत्न करत होता. ‘ट’पाशी अडला तो अडलाच. पत्ते फेकले, चहाचा कप फेकला. फरझाना तुकडे गोळा करत म्हणाली, “राग आला, चांगलं आहे. माझ्यावर काढा. पण उद्या पुन्हा ट.”

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. जिना चढायचा कंटाळा येतो म्हणून बैठकीतल्या सोफ्यावर झोपते, बस.

बेरिल आत्या


थॉर्नक्लफ,
१६ मार्च

टॅमझिन,

गेल्या रविवारी तू फोन केलास आणि या टोकाला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. तू “बाबा?” म्हणालीस ते मला बाजूलासुद्धा ऐकू आलं. त्याने भिंतीला हात टेकवला. तू वाऱ्याचं सांगत होतीस, लाटा बोटीवरून कशा जातात, फेऱ्या कशा रद्द झाल्या, तो “हो... हो...” म्हणत होता. तुला वाटलं असेल त्याला समजत नाहीये. टॅम, त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा असा होता, जसा पूर्वी चांगली कविता ऐकताना व्हायचा. फोन ठेवल्यावर तो तासभर फोनशेजारीच बसून राहिला. आणि मग म्हणाला, “टॅम.” पूर्ण. पुढचं ‘झिन’ राहू दे, मी म्हटलं, अर्ध्यावर भागतंय.

आता तू फोनवर विचारलंस आणि मी उडवून लावलं त्याचं. हो, माझा गुडघा आहे. नवा बसवायचाय. दोन वर्षं रांगेत होते, स्कारबरोच्या हॉस्पिटलातून तारीख आली, आठ एप्रिल. मी ती पुढे ढकलायला निघाले होते. समाजसेवेची बाई येऊन गेली. फार गोड बोलते. म्हणाली, तोवर मिस्टर एक्रॉइडना टेकडीखालच्या वृद्धाश्रमात ठेवू, छान जागा आहे, बाग आहे. आणि एकदा तिथे रुळले की मग बघू. त्या ‘मग बघू’चा अर्थ त्यालाही कळला. त्याने टेबलाची कड धरली आणि “नाही” म्हणाला. ओरडला नाही. नुसतं “नाही.” ती कागदावर लिहून घेत राहिली.

मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. तुझी नोकरी आहे, माणसं आहेत तिथे. तू विचारलंस, मी खरं सांगितलं. गुडघा थांबू शकतो, इतका थांबला तसा.

तुला यातलं काही लिहू नको म्हणून त्याने मला दोनदा “नाही” म्हटलंय. पण लिहिणारी मी आहे.

बेरिल आत्या


थॉर्नक्लफ,
२७ एप्रिल

प्रिय आत्या,

वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की तू परवा जिना चढलीस आणि वर पोचून तिलाच दम लागला का विचारलंस. म्हणजे तू ठीक आहेस.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते: मी विचारत बसले नाही, सरळ रजा टाकली. तीन महिन्यांची. कॅप्टन म्हणाला, “शेवटी बाप आहे.” मी म्हटलं, “तेच तर.”

पहिला आठवडा वाईट गेला. तू असताना घरात आवाज होता. तू गेलीस आणि आम्ही दोघं एकमेकांभोवती असे पाय उचलत वावरत होतो की शब्दकोशवाल्यांनी येऊन उदाहरण म्हणून टिपून घ्यावं. मी दार लावताना त्याच्याकडे बघायची, तो कप ठेवताना माझ्याकडे. “चहा?” “हो.” “साखर?” “नाही.” झोप. परत पाठवलेल्या पत्रांचं मी एकदा विचारलं, तर हाताने शेगडी दाखवली. जाळली. मला राग आला, आणि मग वाटलं, मी कोण रागावणारी? न फोडता पाठवणारी मीच.

गुरुवारी आम्ही स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते, तो डाव्या हाताने एक बटाटा काट्याने टोचून धरून त्याच्याशी झगडत होता. मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

“बाबा, त्या दिवशी सगळ्यांसमोर का बोललास? घरी येऊन बोलला असतास.”

त्याने बटाटा खाली ठेवला. मला वाटलं, आता कप येणार अंगावर. फरझानाने सांगितलं होतं, तो शब्द शोधत असला की मदत करायची नाही, वाट बघायची. मी हात मांडीवर ठेवून वाट बघितली. इतकी कठीण गोष्ट मी वादळातही केलेली नाही.

“तुम्ही,” तो म्हणाला. “दोघी. हसायचात.”

“कधी?”

“नेहमी. जिंजरली. आणि... हसायचात. मी विचारलं... काय? काय हसता? मॉरवेना... ‘काही नाही.’ तू... ‘काही नाही.’” त्याने लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. “मी... बाहेर. दाराच्या... बाहेर.”

“बाबा, मला वाटायचं तुला माहीत आहे! माहीत आहे आणि चूक शब्द म्हणून तुला आवडत नाही.”

“नाही! नाही माहीत.” आणि मग शब्द इतक्या हळू आले की मधल्या वेळात रस्त्यावरून बस येऊन गेली. “चर्चमध्ये. सगळ्यांना... सांगितलंस. मला... आधी... नाही.”

मघापर्यंत त्याचं बोलणं अडत होतं, आता माझं. मी सहा वर्षं मनात त्याला शिव्या घालत होते की आईचा शब्द त्याने मोडला. आणि तो सगळा वेळ त्या शब्दाच्या दाराबाहेर उभा होता. मुलीला आईचं जे आठवतं, ते नवऱ्याला चर्चमध्ये, सगळ्या गावाबरोबर ऐकावं लागलं! आणि त्याच्याकडे तिथे आत शिरायला दुसरं काय होतं? शब्दकोश. तेवढंच त्याला येत होतं.

“च्यायला,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. शिक्षकाच्या जुन्या डोळ्यांनी. “टॅम!” आणि मग आम्ही दोघंही इतकं हसलो की शेगडीवर बटाट्यांसाठी ठेवलेलं पाणी उतू गेलं.

मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तू त्याला सांगितलं होतंस, पण ते तुला आईने सांगितलेलं. मला स्वतःला काय आठवतं ते मी सांगितलं. आईचे गार हात. पायाखालून फरशी निघून जाते ती मजा. त्याने विचारलं, “कोणती... पायरी?” बर्फ नव्हता, ऊन होतं, आम्ही मागे गेलो. मी दाखवली. तिसरी, जिचा कोपरा तुटलाय ती. तो तिथे उभा राहून खाली बघत राहिला.

“कोश... बरोबर,” तो म्हणाला. “मी... चूक.”

“मीसुद्धा,” मी म्हटलं. मला त्याहून मोठं वाक्य सुचलं नाही आणि त्यालाही नको होतं.

शुक्रवारी समाजसेवेची बाई आली. गोडच आहे, तू म्हणालीस तशी. वृद्धाश्रमाचा कागद पुढे केला. बाबाने तो तिच्याकडे परत सरकवला आणि खुर्चीतून, टेबल धरून, एकटा उभा राहिला. “माझी मुलगी,” तो म्हणाला. अडखळला नाही. ती म्हणाली, “पण मिस एक्रॉइड, तुम्ही कायमच्या थोड्याच राहणार आहात?” मी म्हटलं, “जुलैपर्यंत मी आहे. तोवर त्याला एकट्याने पायऱ्या, अंघोळ आणि चहा जमला पाहिजे, फरझाना म्हणते जमेल. पुढे आत्या आणि मी आलटून पालटून. आणि नाही जमलं, तर लर्विकला माझ्या घरात खालचीच खोली आहे.” तुला न विचारता बोलले, आत्या. रागाव.

पण जमेल. काल त्याने किटली भरली. अर्धी सांडली, अर्धा चहा झाला, पण मला त्याने हात लावू दिला नाही. आज सकाळी फरझानाने कुत्र्याचं चित्र पुढे केलं. तो म्हणाला, “कुत्रा. पाद्री नाही.” ती इतकी खूश झाली की ते तिने दोनदा म्हणायला लावलं.

दुपारी शहरात जाऊन अ‍ॅबर्डीनच्या धक्क्यावरून लर्विकला सुटणाऱ्या बोटीची तिकिटं काढून आले. जुलैची. त्याला माझं काम बघायचंय. इंजिन केवढं, माणसं किती, गाड्या कशा चढवता, रोज विचारतो. एक प्रश्न पूर्ण करायला त्याला दहा मिनिटं लागतात आणि मी तेवढा वेळ बसते. तीन तिकिटं काढलीत. तुझ्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तोवर तू चालशील, फक्त हट्टीपणा सोडा म्हणावं. तुला बोट लागते हे मला आठवतं. डेकवर, हवेत, मध्यभागी बसवते, काही होत नाही. नको असेल तर कळव, पण कळवू नकोस.

बाबा शेजारी बसून हे पत्र लिहिताना बघतोय. दोन ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावला. आता म्हणतोय, लिही, “बेरिल... खिडकी.” म्हणजे केबिनमध्ये खिडकीजवळची जागा तुझी.

तुझी
टॅमझिन